पंडिता रमाबाई : एका अखंड आयुष्याकडे पाहताना

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्याविषयीचे मराठीतील लेखन बहुधा १८८३ या सालापाशी येऊन दुभंगते. त्या वर्षीच्या २९ सप्टेंबरला इंग्लंडमधील वाँटेज या गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तेव्हापासून त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे करून त्यांची वाटणी करण्याची रीत पडली. पुराणे मुखोद्गत असणाऱ्या, कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी देऊन गौरविलेल्या, पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या रमाबाई आपल्या मानल्या गेल्या आणि त्यानंतरच्या रमाबाई परक्या ठरल्या. मिशनरी चरित्रकारांनी हीच रेघ उलट्या बाजूने ओढली. त्यांच्या लेखी बाप्तिस्म्यापूर्वीचा सारा काळ हा केवळ चाचपडण्याचा होता आणि खरे आयुष्य त्यानंतर सुरू झाले. या दोन्ही मांडण्या सोयीच्या असल्या, तरी त्यांनी चरित्रनायिकेवर अन्याय केला आहे, अशी प्रस्तुत प्रस्तावनेची भूमिका आहे. रमाबाईंचे कुटुंब, त्यांची श्रद्धा, त्यांचे सेवाकार्य आणि त्यांचे धाडस यांची मुळे एकाच ठिकाणी, म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या भटक्या संसारात सापडतात, आणि त्या संसाराकडे पाठ फिरवून त्यांनी पुढे उभारलेल्या केडगावच्या मुक्ती सदनाचा अर्थ लावता येत नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कानडी मुलखात स्थायिक झालेल्या चित्पावन कुळातले. तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत असताना, शास्त्रीबुवा पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले होते, आणि स्त्रीला संस्कृत येऊ शकते हा विचार त्यांच्या मनात कायमचा घर करून बसला. पहिल्या पत्नीला शिकवण्याचा त्यांचा बेत घरच्यांच्या विरोधामुळे फसला. पुढे तीर्थयात्रेत गोदावरीकाठी त्यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हा नवी पत्नी लक्ष्मीबाई अवघी नऊ वर्षांची होती आणि ते स्वतः चाळिशी ओलांडलेले होते. आजच्या वाचकाला हा विवाह खटकणारच आणि तो खटकला पाहिजे. परंतु त्याच विषम विवाहातून एकोणिसाव्या शतकातील एक विलक्षण स्त्री-शिक्षिका घडली, हेही तितकेच खरे आहे. पत्नीला शिकवल्याबद्दल धर्माधिकाऱ्यांनी जाब विचारला, तेव्हा स्त्रीला संस्कृत शिकण्याचा अधिकार आहे हे शास्त्रीबुवांनी ग्रंथांतील वचने काढून दाखवून दिले, आणि तरीही कटकट नको म्हणून पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात, तुंगा आणि भद्रा या नद्यांच्या उगमाजवळ, घर बांधले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. अनंतशास्त्री हे आधुनिक अर्थाने सुधारक नव्हते, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. वेदांचा अधिकार स्त्रियांना नाही हे ते मान्य करीत. पुराणे, इतिहासकाव्ये, व्याकरण आणि कोश एवढ्यापुरताच त्यांचा आग्रह होता, आणि तो आग्रहही त्यांनी परंपरेच्या आत राहूनच चालवला.

अतिथींच्या सरबराईत आणि विद्यार्थ्यांच्या पोषणात घरची मालमत्ता संपली, तेव्हा रमाबाई सुमारे सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात बसवून गड्याच्या डोक्यावरून त्यांना घाटाखाली आणण्यात आले आणि तेव्हापासून सोळा वर्षांच्या होईपर्यंत त्यांना स्थिर घर माहीत नव्हते. हे कुटुंब पुराणिकाच्या वृत्तीवर जगत होते. पुराणिक म्हणजे देवळात, घाटावर किंवा धर्मशाळेत बसून पुराणातील श्लोक म्हणणारा व अर्थ सांगणारा, आणि श्रोते जे धान्य, कापड किंवा नाणी पुढे ठेवतील त्यावर निर्वाह करणारा विद्वान. वडील उतारवयात पोचले होते, त्यामुळे धाकट्या मुलीचे शिक्षण आईकडे आले. पहाटे अंधारातच मुलीला जागे करून लक्ष्मीबाई श्लोक सांगत, मुलगी मागून म्हणे आणि मग सारे दिवसभराच्या वाटेला लागत. पाटी नाही, पोथी क्वचित, गुरू म्हणजे आई आणि शाळा म्हणजे पुढच्या मुक्कामापर्यंतची वाट. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंच्या पाठांतराची संख्या सुमारे १८,००० श्लोकांवर गेली होती. थोरली मुलगी कृष्णाबाई हिचे बालपणी लावलेले लग्न दुःखाचे ठरले, म्हणून धाकटीचे लग्न वडिलांनी जाणूनबुजून लांबवले; त्या काळातील शास्त्र्याच्या घरात हा निर्णय संस्कृत शिकवण्यापेक्षाही धाडसाचा होता.

१८७०च्या दशकातील दक्षिणेतील उपासमारीने या कुटुंबाचा चुराडा केला. हातातले द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपून गेले होते, अंगमेहनतीचे काम करणे वर्णाला शोभत नाही अशी घरची समजूत होती, आणि भीक मागणे तर जमतच नव्हते. देवावरील भरवशावर हे कुटुंब अक्षरशः उपाशी राहिले. १८७४ साली वडील गेले, थोड्याच अवधीत आई गेली आणि पाठोपाठ बहीणही. आईच्या अंत्यविधीचा प्रसंग रमाबाईंनी पुढे लिहून ठेवला आहे. तिरडीला खांदा द्यायला ब्राह्मण मिळेनात. महत्प्रयासाने दोघे तयार झाले, उरलेल्या दोन बाजू भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई यांनी घेतल्या, आणि रमाबाईंची उंची कमी असल्याने तिरडी समतल राहावी म्हणून त्यांना आपली बाजू डोक्यावर घ्यावी लागली. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते.

यानंतरची वर्षे बहीणभावंडांनी हिंदुस्थानभर पायी हिंडून काढली. हे अंतर ४,००० मैलांहून अधिक भरले, असे रमाबाईंनीच नमूद केले आहे. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत माणूस मावेल एवढे खड्डे खणले आणि मान तेवढी बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. रमाबाईंच्या धाडसाची चर्चा करताना सामान्यतः त्यांच्या समुद्रपर्यटनाचा उल्लेख होतो. परंतु बोटीचे तिकीट काढण्यापूर्वी कितीतरी आधी त्यांचे पाय आणि त्यांचा निर्धार असे पारखले गेले होते. तीर्थे आणि व्रते यांवरची त्यांची श्रद्धा ढासळली तीही याच वाटेवर, कोणत्याही पाद्र्याशी गाठ पडण्यापूर्वी. शास्त्रात सांगितलेले सारे काही आईवडिलांनी अक्षरशः पाळले होते आणि ते उपासमारीने मेले होते, या अनुभवाला उत्तर देणारा पंडित त्यांना भेटला नाही.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदांची प्रत ठेवली. वडिलांनी जी मर्यादा पाळली होती ती येथे ओलांडली गेली. १८८० मध्ये श्रीनिवासांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने, म्हणजे कोणताही धार्मिक विधी न करता सरकारी कायद्याप्रमाणे विवाह केला. वर आणि वधू वेगळ्या जातीचे, वेगळ्या प्रांताचे आणि वेगळ्या मातृभाषेचे होते. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने मेधावींचा अंत झाला. चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर रमाबाई विधवा झाल्या, आणि ज्यांच्यासाठी त्या पुढे आयुष्य वेचणार होत्या त्या स्त्रियांमध्ये आता त्यांची स्वतःची गणना होऊ लागली.

पुण्यात आल्यावर त्यांनी १८८२ सालीच आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे मराठी पुस्तक लिहिले आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. त्यांच्या व्याख्यानांनी घराघरांत किती खळबळ उडाली याचा पुरावा रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या ग्रंथात मिळतो. व्याख्यानाला जाण्यावरून खुद्द न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातील वडीलधाऱ्या बायका सुनेवर रुष्ट होत्या. ‘स्त्रीधर्मनीती’तील उपदेश आज काहीसा जुन्या वळणाचा वाटतो, परंतु स्त्रीने आपली उन्नती आपणच साधावी, कोणाच्या उपकाराची वाट पाहू नये, हा त्यातील मुख्य धागा पुढे कधीच तुटला नाही. त्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा इंग्लंडच्या प्रवासखर्चाला हातभार लागला, ही बाब त्या उपदेशाला साजेशीच होती.

१८८३ मध्ये, लहान मुलीला घेऊन, वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने रमाबाई इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेज येथे दुर्दैवी अंत झाला. आणि त्यानंतर लवकरच रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे चित्पावन कुळातच जन्मलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता. शिवाय, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी वाँटेजच्या धर्मभगिनी लंडनमध्ये चालवीत असलेले आश्रयगृह रमाबाईंनी पाहिले होते. पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रीला अन्न, काम आणि सन्मान देणारी व्यवस्था धर्माच्या नावाने चालू शकते, हे त्यांनी प्रथमच प्रत्यक्ष पाहिले. श्रद्धेची कसोटी त्यांनी येथेही आचरणावरच लावली, आणि उपासमारीच्या वाटेवर शिकलेली सवय ती हीच.

धर्मांतराने रमाबाई कोणाच्या अंकित झाल्या, असे मानणाऱ्यांनी १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार अवश्य वाचावा. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षे वाद चालला. त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन रूपांत एकच ईश्वर आहे ही शिकवण, केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. बायबलातून पटेल तेवढेच स्वीकारू, असे त्या स्पष्ट कळवीत राहिल्या. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली, आणि पुरुषांच्या सभांतून प्रवचने केलेल्या या विदुषीने त्या हरकतीचा खरमरीत समाचार घेतला. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा त्यांचा सवाल होता. विद्वत्सभेपुढे ग्रंथातील वचने काढून बसलेल्या अनंतशास्त्र्यांची मुलगी या पत्रांतून पानोपानी ओळखू येते.

फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात ११ मार्च रोजी पदवी मिळणार होती आणि त्या समारंभाचे निमंत्रण होते. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तेथे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांनी गावोगावी व्याख्याने दिली, किंडरगार्टन म्हणजे खेळ, गाणी व वस्तू यांतून लहान मुलांना शिकवण्याची फ्रोबेल यांची पद्धत अभ्यासली, आणि बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने नियोजित विधवागृहाला १० वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रवासाचे सर्वांत मोलाचे फळ मात्र १८८९ साली प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे आहे. त्यात अमेरिकेतील राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांच्या संघटना आणि घरगुती जीवन यांचे बारकाईने वर्णन आहे, आणि गुलामगिरीची व मूळ रहिवाशांवरील अत्याचारांची कठोर चिकित्साही आहे. परदेशाला भुलून न जाता त्याच्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये याचा असा चोख हिशेब त्या काळातील मराठी प्रवासवर्णनांत क्वचितच आढळतो.

मुंबईत चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. येथे विधवांनी शिकावे, सोवळेओवळे आपल्या रीतीप्रमाणे पाळावे आणि कोणावरही धर्माची सक्ती नसावी असा नियम होता. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या, आणि हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाच्या उभारणीत पुढे त्यांनी कष्ट उपसले. महाराष्ट्रातील विधवा-शिक्षणाच्या दोन प्रमुख प्रवाहांना जोडणारी ही कडी शाळेच्या इतिहासात ठळकपणे यायला हवी होती. याच सुमारास रमाबाई राष्ट्रीय सभेच्या मुंबई अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिल्या आणि सामाजिक परिषदेत केशवपनाविरुद्ध, म्हणजे विधवेचे डोके भादरण्याच्या रूढीविरुद्ध बोलल्या. १८९३ मध्ये मात्र काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून ‘केसरी’तून टीकेचा भडिमार झाला, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की प्रार्थनेला बसण्याची सक्ती नव्हती आणि दार बंद करून देवाचे नाव घेणे त्यांना शक्य नव्हते. पालकांचे म्हणणे असे, की विश्वासाने सोपविलेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत उघडे दार हेच निमंत्रण ठरते. या वादात दोन्ही बाजूंना काही तथ्य होते. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ मध्येच ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची उघड पाठराखण केली होती, आणि ब्राह्मणी धर्मव्यवस्था सोडून जाणाऱ्या विदुषीचा निर्णय त्यांनी तर्कसंगत मानला होता.

१८९६–९७चा दुष्काळ मध्य प्रांतात पसरला तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या. उपाशी मुलींच्या टोळ्या पाहून आपल्याच मरणासन्न कुटुंबाची त्यांना आठवण झाली, असे त्यांनी लिहिले आहे. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगावच्या माळावर, शेतीसाठी आधी घेतलेल्या जमिनीत, तात्पुरत्या झोपड्यांत ठेवले आणि त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. याच काळात पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले, आणि ख्रिस्ती असूनही ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवला. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, सदनातील संख्या २,०००च्या घरात गेली.

या वस्तीचे खरे स्वरूप तेथील कामांच्या वाटणीतून कळते. विहिरी खणणे, शेत, गोठा, माग, तेलघाणी, शिवण, स्वयंपाक, धोबीकाम आणि छापखाना ही सारी कामे बायका आणि मुलीच करीत. अंध मुलींना ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार टिंबांची लिपी, शिकवली जाई, आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग होता. अंगमेहनत कमीपणाची मानल्यामुळे ज्या घरातील माणसे उपासाने मेली, त्या घरातून वाचलेल्या मुलीने प्रत्येक आश्रित बाईच्या हाताला कसब देण्याचा ध्यास घ्यावा, हा योगायोग नव्हे. अर्थात एक प्रश्न येथे टाळता येत नाही. दुष्काळातून आलेली, अन्नासाठी सर्वस्वी अवलंबून असलेली मुलगी आपला धर्म कितपत स्वतंत्रपणे निवडू शकत होती? मुक्ती सदन हे शारदा सदनासारखे तटस्थ नव्हते, ते उघडपणे ख्रिस्ती होते, आणि १९०५ मध्ये तेथे सामूहिक प्रार्थनेची आणि पश्चात्तापाची जी मोठी लाट उसळली तिने सारी वस्ती व्यापली. स्वतःच्या बाबतीत तपासल्याशिवाय काहीही न स्वीकारणाऱ्या रमाबाईंनी या मुलींना तेवढी तपासणीची मोकळीक दिली का, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे. तो विचारताना त्या मुली त्या वर्षी इतरत्र कोठे जाणार होत्या, हेही विचारात घ्यावे लागते.

अखेरची सुमारे १८ वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. थोडे शिकलेल्या खेड्यातील बाईलाही समजेल असे मराठी त्यांना हवे होते, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला, हिब्रूचे मराठी व्याकरण सिद्ध केले आणि जुळणी व छपाई सदनातील स्त्रियांकडून करवून घेतली. जुळणी म्हणजे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळ रचण्याचे, डोळे शिणवणारे काम. सदनाची धुरा ज्या मनोरमाबाईंवर सोपवायची होती त्या जुलै १९२१ मध्ये वारल्या. त्या आघातानंतरही रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबवले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून पूर्ण झाला. एका स्त्रीने मूळ भाषांतून केलेले आणि स्त्रियांनी छापलेले हे भाषांतर मराठी गद्याच्या इतिहासात अजून नीट तपासले गेलेले नाही. ख्रिस्ती मंडळींतही ते फारसे रुळले नाही, आणि बाहेरच्या अभ्यासकांनी ते धर्मप्रचाराचे पुस्तक म्हणून बाजूला ठेवले. आईच्या तोंडून पहाटे ऐकलेल्या श्लोकांवर ज्यांचा कान घडला त्यांनी, ऐकू येणे जवळपास बंद झाल्यावर, दुसऱ्या दोन प्राचीन भाषांतील मजकूर कोणत्या लयीत मराठीत उतरवला, याचा अभ्यास अद्याप व्हायचा आहे.